वंशावळी, दानलेख आणि इरुकुडीचा बुद्ध : शिलाहार-इतिहासलेखनाची एक चिकित्सा

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील आमचे वाचक व उपासक-बंधू गेली कित्येक वर्षे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत आले आहेत. आपल्या भागात लेणी आहेत, म्हणजे एके काळी येथे भिक्खुसंघ नांदत होता. तो केव्हा नाहीसा झाला, आणि येथे राज्य केलेल्या घराण्यांपैकी बौद्ध घराणे कोणते? प्रश्नाचा पहिला भाग इतिहासाचा आहे व त्याचे उत्तर शोधलेच पाहिजे. दुसरा भाग मात्र आम्हांला चिंतेत टाकतो. धम्माचा इतिहास म्हणजे कोणत्या तरी राजवंशाचा इतिहास असलाच पाहिजे, ही समजूत त्यामागे दडलेली आहे. ही समजूत आमच्या वाचकांनी निर्माण केलेली नाही. गेली शंभर-सव्वाशे वर्षे महाराष्ट्राच्या मध्ययुगाचा जो इतिहास लिहिला गेला, त्याच्या मांडणीतूनच ती आलेली आहे. त्या मांडणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या विचारासाठी लोणंद हे गाव मोठे सोयीचे आहे. पुणे-मिरज लोहमार्गाने नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्ह्यात प्रवेश होतो आणि लोणंदचे स्थानक लागते. तेथून पश्चिमेस शिरवळची लेणी आहेत, पूर्वेस नाईक निंबाळकरांचे फलटण आहे, आणि त्याच लोहमार्गाने दक्षिणेकडे उतरत गेले असता कऱ्हाड व मिरज ही नगरे लागतात. शिलाहारांच्या ताम्रपटांतील करहाट आणि मिरिंज ती हीच. (याच मार्गावर पाडळी ते मसूर असा प्रवास बाल भीमरावांनी १९०१ साली केला होता, हे वाचकांना ठाऊक आहेच.) म्हणजे लेणे, ताम्रपट आणि घराण्याची कैफियत असे तीन प्रकारचे पुरावे या एका टापूत हाताशी येतात. तिन्हींत दान आहे, तिन्हींत वंशही आहे. परंतु कशाला किती जागा मिळाली आहे याचे प्रमाण तिन्हींत सारखे नाही. सारा मुद्दा तेथेच आहे.

शिरवळच्या सुमारे १५ लेण्यांना लोक पांडवदरा म्हणतात. नाशिकच्या लेण्यांनाही पांडवलेणी हेच नाव पडले आहे. ही नावे देणाऱ्या सामान्य जनांस आम्ही दोष देत नाही. ब्राह्मी लिपी वाचणारा कोणी उरला नाही, तेव्हा डोंगरातील एवढे मोठे काम कोणा तरी मोठ्या कुळाने केले असले पाहिजे असे त्यांना वाटले आणि महाभारतातील कुळ सर्वांच्या परिचयाचे होते. पण यात जे घडले ते नीट पाहावे. नाशिकच्या भिंतीवर दात्यांची नावे स्पष्ट कोरलेली असताना त्यांचे दान एका काल्पनिक राजवंशाच्या नावे जमा झाले. कऱ्हाडजवळच्या लेण्यांतील एका लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दिल्याची नोंद आहे. परंतु संघमित्र हे नाव आज कऱ्हाडात कोणाच्या तोंडी आहे? वंशाच्या नावाने दान गिळून टाकले, त्याचा हा पहिला आणि भोळा प्रकार झाला. दुसरा प्रकार विद्वानांच्या हातून झाला असल्यामुळे तो अधिक सूक्ष्म आहे.

मध्ययुगीन ताम्रपटाची घडण सर्वत्र बहुधा एकच असते. आरंभी मंगलाचरण, नंतर राजाच्या कुळाची प्रशस्ती, त्यानंतर दानाची तिथी व निमित्त, दान घेणाऱ्याचे नाव, भूमीची चतुःसीमा, आणि शेवटी दान मोडणाऱ्यास शापवचने. यांतील प्रशस्ती दरबारातील कवी लिहीत असे. पूर्वज जितका दूरचा तितकी त्याची स्तुती अधिक आणि त्याच्याविषयीची माहिती कमी, हा या वाङ्मयाचा जवळजवळ नियम आहे. याउलट चतुःसीमेचा भाग गावातील जाणत्या माणसांसमोर ठरलेला असे. कोणता ओढा, कोणते झाड, कोणाचे शेत हे चुकले तर दुसऱ्या दिवशी भांडण उभे राहणार. खोटे बोलण्याची सोय प्रशस्तीत भरपूर आहे, चतुःसीमेत ती फार थोडी आहे. तरीही अभ्यासकांनी प्रशस्ती हे इतिहासाचे मुख्य द्रव्य मानले आणि दानाचा तपशील सनावळी टांगण्यासाठी खुंटीसारखा वापरला. राजांचे अनुक्रमांक लावण्यात पिढ्या खर्ची पडल्या. भूमी कोणाला, कशासाठी आणि कोणाकडून काढून दिली गेली, हे प्रश्न प्रकरणाच्या अखेरीस ‘धार्मिक स्थिती’ या मथळ्याखाली दोन-चार परिच्छेदांत आटोपले गेले.

शिलाहारांचेच उदाहरण घेऊ. शिलाहारांची तीन घराणी होती : उत्तर कोकणचे, दक्षिण कोकणचे आणि कोल्हापूर-कऱ्हाडचे. तिघांचेही ताम्रपट आपला वंश जीमूतवाहन या विद्याधरापर्यंत नेतात. शंखचूड नावाच्या नागाचा जीव वाचविण्यासाठी जीमूतवाहनाने शिळेवर बसून स्वतःला गरुडाच्या स्वाधीन केले. शिळेवरचा आहार तो शिलाहार, अशी नावाची उपपत्ती सांगितली जाते. इतिहास म्हणून या कथेचे मूल्य शून्य आहे आणि कोणत्याही गंभीर अभ्यासकाने ती इतिहास म्हणून स्वीकारलेली नाही. मात्र ती बाजूला सारताना तिचे वाङ्मयीन गोत्र कोणते, हा प्रश्नही बहुतेकांनी तिच्याबरोबरच बाजूला सारला. सातव्या शतकातील सम्राट हर्षाच्या नावे असलेले ‘नागानंद’ हे नाटक याच जीमूतवाहनाचे आहे आणि त्याच्या नांदीत वंदन केले आहे ते भगवान बुद्धांना. ‘कथासरित्सागरा’त जीमूतवाहन हा बोधिसत्त्वाचा अंश म्हणून येतो. परप्राणासाठी स्वदेह देणे ही दानपारमितेची परिसीमा जातकांच्या प्रत्येक वाचकाला परिचित आहे. मध्ययुगीन राजकुलाला आपली थोरवी सांगण्यासाठी पूर्वज हवा होता, तो त्याने बोधिसत्त्वकथेच्या परंपरेतून उचलला. यावरून शिलाहार बौद्ध होते असे मुळीच सिद्ध होत नाही. त्यांच्या काळी या कथेला महाराष्ट्रात मान होता आणि तो मान राजांना उपयोगी पडत होता, एवढेच सिद्ध होते. हे ‘एवढेच’ आम्ही मोठे मानतो. ही कथा नागाच्या रक्षणाची असल्यामुळे शिलाहारांना थेट नागवंशाशी जोडण्याचा मोह कोणास होईल. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की कोल्हापूरच्या शिलाहारांच्या ध्वजावर नाग नव्हता, सुवर्णगरुड होता.

शिलाहारांच्या लेखांचा सर्वांत परिपूर्ण संग्रह म्हणजे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’चा सहावा खंड. तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विद्वत्तेविषयी आम्हांला नितांत आदर आहे. त्या खंडावाचून या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही. परंतु त्याची मांडणी पाहावी. लेख तीन राजघराण्यांप्रमाणे व त्यांत राजांच्या क्रमाने लावले आहेत. या मालेतील खंडांची पद्धतच राजवंशनिहाय असल्यामुळे हा संपादकाचा वैयक्तिक दोष म्हणता येणार नाही. परिणाम मात्र असा होतो की कान्हेरीचे तीन लेख पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी या राजांच्या नावाखाली जाऊन बसतात.

वस्तुतः हे तिन्ही लेख राजांचे नाहीत, त्यांत राजाने काहीच दिलेले नाही. त्यांतील पहिला शके ७६५चा, म्हणजे इ. स. ८४३च्या सुमाराचा. त्यात पुल्लशक्तीच्या एका अमात्याने कृष्णगिरीच्या भिक्खुसंघाकडे ४० द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली आहे. तिच्या उत्पन्नातून विहाराची डागडुजी, भिक्खूंची चीवरे आणि ग्रंथ यांचा खर्च व्हावयाचा होता. ग्रंथांसाठी वेगळी तरतूद! नवव्या शतकात कान्हेरीच्या डोंगरावर पोथ्या लिहिल्या वा विकत घेतल्या जात होत्या, हे या एका तपशिलावरून कळते. दुसरा लेख त्यानंतर सुमारे दहा वर्षांचा. दाता आहे गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला गोमिन् अविघ्नाकर नावाचा सुगताचा उपासक. ध्यानासाठी योग्य अशा कोठ्या त्याने करविल्या आणि भिक्खूंच्या वस्त्रांसाठी १०० द्रम्म ठेवले. तिसरा लेख शके ७९९चा. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या कालगणनेचा पाया या तीन लेखांवर उभा आहे. पुल्लशक्ती हा पहिल्या कपर्दीनंतरचा, दुसरा कपर्दी पुल्लशक्तीनंतरचा, आणि हे दोघे राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक, हे आपल्याला सनासह कळते ते भिक्खूंना चीवर मिळावे म्हणून कोणी तरी पैसे ठेवले म्हणून. दात्याने राजाचे नाव लिहिले ते काळ दाखविण्यासाठी. आज आपण मात्र काळ दाखविणाऱ्याला लेखाचा धनी करतो आणि धन्याला तळटीप करतो. अविघ्नाकराचा लेख आम्ही त्याच्याच नावाने ओळखावा, एवढा साधा बदलही अद्याप रूढ झालेला नाही.

वंशाचे ज्ञान धर्मदानातून व्हावे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. सातवाहन आणि क्षहरात यांच्याविषयी आपण जे जाणतो त्याचा मोठा भाग नाशिकच्या लेण्यांतील आहे. गौतमीपुत्राच्या पराक्रमाचे वर्णन त्याची आई गौतमी बालश्री हिने भद्रायणीय भिक्खूंना लेणे देताना, पुळुमावीच्या राजवटीच्या १९व्या वर्षी कोरविले. नहपानाला दक्षमित्रा नावाची कन्या होती आणि दीनिकाचा पुत्र उषवदात हा तिचा पती, हेही त्यांच्या दानांतूनच कळते. कुड्याची लेणी तर या दृष्टीने अपूर्व आहेत. मांदव कुळातील महाभोज खंदपालित हा आपल्या आईच्या, सडगेरी विजया हिच्या नावाने तेथे ओळखला जातो. आणि त्याच्या पदरी असलेला लेखक शिवभूती याचे घर पाहावे : आईवडिलांची नावे सुलसदत्त आणि उत्तरदत्ता, भाऊ शिवम, शिवमाची पत्नी विजया, त्यांचे पुत्र आणि त्यांच्या कन्या. त्यांतील स्त्रियांनी व मुलींनी शिल्पाचा व खांबांचा आपापला वाटा दिला आणि त्या वाट्यापुढे त्यांची नावे आली. एका कारकुनाच्या घराची इतकी भरलेली वंशावळ आपल्याला मिळते. आणि सहा-सात शतकांनंतरच्या शिलाहार प्रशस्तींत राजामागून राजा येतात, पित्यामागून पुत्र येतो, आया आणि बहिणी मात्र बहुधा कोठेच नसतात. दान प्रत्येकाचे स्वतंत्र असते, म्हणून दानलेखात प्रत्येकाचे नाव येते. वारसा एकाचाच असतो, म्हणून प्रशस्तीत एकच नाव पुढे जाते. दोन प्रकारच्या लेखनामागे समाजाच्या दोन कल्पना आहेत, असे आमचे मत आहे.

आता इरुकुडीकडे वळू. कोल्हापूर-कऱ्हाडच्या शिलाहारांमध्ये गंडरादित्य हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील राजा. त्याचे शके १०३२चे, म्हणजे इ. स. १११०चे दानपत्र प्रसिद्ध आहे. त्याची प्रशस्ती जतिगापासून आरंभ करते व पुढच्या पिढ्यांची नावे देते. आरंभीच्या राजांचे स्वतंत्र, सनासह लेख हाती नसल्याने ती नावे केवळ याद म्हणूनच राहतात. पण याच दानपत्रात एक कथन आहे. गंडरादित्याने मिरिंज देशात इरुकुडीजवळ गंडसमुद्र नावाचा मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध आणि अर्हत् म्हणजे जिन अशा तिघांची स्थापना करून प्रत्येकासाठी वेगळी भूमी दिली. रा. गो. भांडारकरांनी आपल्या १८८४ सालच्या ‘अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन’मध्ये या नोंदीची दखल घेतली आणि तेव्हापासून ती प्रत्येक ग्रंथात येत राहिली. येते कशी? राजाच्या सर्वधर्मसहिष्णुतेचा दाखला म्हणून.

सहिष्णुता या शब्दाला आमचा विरोध नाही. आमची तक्रार अशी की हा शब्द उच्चारला की विचारणा थांबते. भूमी दिली ती प्रत्येकाच्या पूजाअर्चेच्या खर्चासाठी. मग बुद्धाच्या वाट्याच्या भूमीचे उत्पन्न कोणी घ्यावयाचे होते? १११० साली मिरजेच्या परिसरात कोणी भिक्खू वा उपासक नसतील, तर पूजा करणार कोण? राजे निर्जन स्थळी मूर्ती बसवून जमिनी तोडून देत नाहीत. तिघांतील प्रत्येकाला मानणारे लोक त्या तलावाचे पाणी पिणाऱ्यांत होते, असा तर्क आम्हांला अधिक सयुक्तिक वाटतो. म्हणजे ही नोंद राजाच्या मनाची थोरवी सांगते त्याहून अधिक मिरज प्रांतातील प्रजेची रचना सांगते.

यावर एक आक्षेप संभवतो. बाराव्या शतकापर्यंत बुद्धाला विष्णूचा नववा अवतार ठरविण्यात आले होते. तेव्हा इरुकुडीचा बुद्ध हा अवताररूप कशावरून नव्हे? उत्तर त्या त्रयीतच आहे. काठावर विष्णू नाही. विष्णूचे स्थान नसलेल्या ठिकाणी त्याचा अवतार तेवढा आणून बसविला, आणि तोही शिव व जिन यांच्या मधोमध, हे संभवत नाही. शैव, बौद्ध आणि जैन ही तीन स्वतंत्र दर्शने तिघांच्या रूपाने उभी आहेत, असाच याचा सरळ अर्थ लागतो. याला शेजारचा आधारही आहे. धारवाडच्या बाजूस डंबळ येथील इ. स. १०९५च्या लेखात तेथील सोळा सेट्टींनी बुद्धविहार बांधल्याची आणि आर्या तारादेवीच्या विहाराची नोंद आहे. राजवट चालुक्य सहाव्या विक्रमादित्याची. पण बांधणारे व्यापारी. इरुकुडी आणि डंबळ यांच्यात अवघे पंधरा वर्षांचे अंतर. दक्षिण महाराष्ट्रातून कर्नाटकात जाणाऱ्या व्यापारी वाटांवर त्या काळी बौद्ध उपासक होते, या निष्कर्षास हे दोन लेख एकमेकांच्या साहाय्याने बळकटी देतात. ज्यांना धम्म येथून सातव्या-आठव्या शतकातच लोपला असे शाळेत शिकविले गेले, त्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत.

गंडरादित्य बौद्ध होता काय? नव्हता. याच राजाच्या दानपत्रात प्रयागास लक्ष ब्राह्मणांना भोजन घातल्याचे वर्णन आहे. या कुळाची कुलस्वामिनी कोल्हापूरची महालक्ष्मी. तिच्या वरप्रसादाचा उल्लेख त्यांच्या बिरुदांत येतो. आजऱ्यास जिनालय बांधण्याचे श्रेयही गंडरादित्याचेच. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी उभारली आणि त्याच्या दुसऱ्या एका जिनालयाला व्यापाऱ्यांच्या संघाने आपल्या मालावरील देणग्या लावून दिल्या. अशा राजाला एखाद्या देणगीवरून बौद्ध ठरविणे म्हणजे ज्या पद्धतीची आम्ही येथे चिकित्सा करीत आहोत, तीच आपल्या सोयीने वापरणे होय. आपल्यातील काही लेखक राजवंशांच्या याद्या करून त्यांपुढे ‘बौद्ध’ असा शिक्का मारतात, ते आम्हांला मान्य नाही. १९४८ सालच्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी इतिहासकाराच्या कर्तव्यासंबंधी गटेचा दाखला दिला आहे, तो सत्य आणि असत्य, निश्चित आणि संशयास्पद यांची वर्गवारी करण्याविषयीचा आहे. बाबासाहेबांनी अनुमान केले तेथे अनुमान म्हणून सांगितले. त्यांच्या अनुयायांना याहून सैल राहण्याची मुभा कोठून मिळाली?

राजाचा धर्म एक आणि दानाचा धर्म दुसरा, असे त्या शतकात इतरत्रही दिसते. काशी-कनोजचा गाहडवाल राजा गोविंदचंद्र हा गंडरादित्याचा समकालीन. त्याची राणी कुमारदेवी बौद्ध होती. सारनाथ येथील तिच्या लेखात तिने आपल्या माहेरचा वंश सांगितला आहे, मातामह मथनदेव आणि आई शंकरदेवी यांच्या नावांसह. पूर्व भारतातील त्या छोट्या राजकुलांविषयी आपल्याला जी माहिती आहे, तीत या विहारदानाचा वाटा मोठा आहे. समुद्रापलीकडच्या शैलेंद्र घराण्यातील बालपुत्रदेवाचे आईवडील आणि आजोबा कळतात तेही त्याने नालंदेस विहार बांधला आणि देवपालाने त्यासाठी गावे दिली, त्या ताम्रपटावरून. युरोपात मठांनी आपली दानपत्रे दप्तरात जतन केली आणि त्यांवरून तेथील सरदार घराण्यांच्या वंशावळी आजचे अभ्यासक बांधतात. आमच्या विहारांची दप्तरे राहिली नाहीत. दगड आणि तांबे तेवढे उरले.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे दीघनिकायातील अंबट्ठसुत्ताचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. पोक्खरसातीचा शिष्य अंबट्ठ शाक्यांना हीन लेखतो, तेव्हा तथागत त्याला त्याचेच गोत्र विचारतात आणि कण्हायन गोत्राचा मूळपुरुष ओक्काक राजाच्या दासीचा पुत्र होता हे त्याच्याच तोंडून वदवितात. एवढेच लक्षात ठेवून पुष्कळ जण थांबतात. पण सुत्त पुढे जाते. अंबट्ठाचे सोबती त्याला दासीपुत्र म्हणून हिणवू लागताच भगवान त्यांना आवरतात आणि तो कण्ह पुढे मोठा ऋषी झाला, हेही सांगतात. वंशावळ तपासावी, तपासणीतून निघालेली वस्तू दुसऱ्याच्या डोक्यात घालण्यासाठी वापरू नये. पालित ‘वंस’ हा शब्द तरी कशासाठी वापरला गेला? बुद्धवंस, महावंस. महावंसात राजे आहेत हे खरे, पण उपालीपासून मोग्गलिपुत्त तिस्सापर्यंतची आचार्यपरंपराही त्या परंपरेत तितक्याच काळजीने जपली गेली, आणि तीत रक्ताचा संबंध कोठेच नाही.

लोणंदच्या पूर्वेस फलटण. निंबाळकरांचे घराणे शिलाहारांच्या नंतरचे. त्यांची परंपरा मूळपुरुष धारच्या परमारांपैकी असल्याचे सांगते, निंबराजापासून नाव व नाईक किताबाची सुरुवात धरते आणि हे सारे चौदाव्या शतकात ठेवते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातील आणि महाराजांची कन्या सखूबाई याच घराण्यात दिली. सतराव्या शतकात आले की कागद बोलू लागतात. त्यापूर्वी कुळकथा बोलते. निंबदेव आणि निंबराज या नावांच्या साम्यावरून कोल्हापूरचा जैन सामंत फलटणच्या नाईकांचा पूर्वज ठरविण्याचा मोह उद्या कोणास झाला, तर त्याने आधी दोघांमधील दोन शतके भरून काढावीत.

या नंतरच्या कागदांत आम्हांला विशेष महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. वतनाचा वा इनामाचा वाद झाला की गोतसभा बसे, महजर होई आणि त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्या निशाण्या होत. शिवेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. त्याने चालून दाखविलेली शीव ती गावाची शीव. देवस्थानाचे इनाम असो की देशमुखाचे वतन, त्याची सीमा ज्याच्या पायांनी ठरली त्याचे पाऊल देवळाच्या आत पडू शकत नव्हते. शिलाहार ताम्रपटांतील चतुःसीमाही कोणी तरी चालून दाखविली असेलच; त्याचे नाव तांब्यावर येण्याचा प्रश्नच नव्हता. महारांची स्वतःची म्हणून एक सनदपरंपरा होती : बिदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिल्याची. तीही वंशपरंपरेचीच भाषा. आणि बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वंशपरंपरेच्या विरोधात. बापाचे काम म्हणून मुलाने राबायचे, ही जी वारसाहक्काच्या नावाने चाललेली बेगार, तिच्यावर त्यांचा आघात होता. कनिष्ठ ग्रामवतने १९५८च्या कायद्याने रद्द झाली. फलटणचे संस्थान त्याआधी दहा वर्षे, १९४८ साली विलीन झाले होते. वंशाने मिळालेले सिंहासन आणि वंशाने लादलेली वेठ या एकाच कायदेशीर कल्पनेच्या दोन बाजू असल्याने दोहोंचा शेवट एकाच दशकात यावा, यात नवल नाही.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. १९५६नंतर या भागातील गावोगावी विहार उभे राहिले. त्यांच्या भिंतीत फरश्या बसविलेल्या असतात : कालकथित आईच्या वा वडिलांच्या स्मरणार्थ अमुक यांजकडून इतके रुपये. पुष्कळांत मुलांची व सुनांची नावेही असतात. कुड्याच्या शिवभूतीच्या घरचा लेख आणि या फरश्या एकाच जातीच्या आहेत. यांवर तारीख बहुधा नसते किंवा नुसते ‘बुद्धपौर्णिमा’ असे लिहिलेले असते. वर्ष अवश्य घालावे. माहेरचे नाव, गाव आणि दिलेली वस्तू कोणती हेही लिहावे. आणि विहाराचा जीर्णोद्धार करताना जुनी फरशी फोडून भरावात टाकली जाते, ती टाकू नये. जागा नसेल तर निदान तिच्यावरील मजकूर जसाच्या तसा, चुकांसह, विहाराच्या वहीत उतरवून त्याखाली उतरविणाऱ्याने सही व तारीख करावी.